उकाईच्या वर, उकाईच्या खाली

पावसाळ्यात सुरतेच्या वर्तमानपत्रांतून एक आकडा सतत भेटतो: उकाई धरणाची पातळी, फुटांमध्ये. ३४५ फूट झाले की धरण भरलं. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हापासून हा आकडा चढू लागला की सुरतकराचा जीव खालीवर होतो. लिंबायतमध्ये त्याच आकड्याचा आणखी एक अर्थ लावला जातो. नीलगिरी, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यातल्या असंख्य घरांत मराठी आणि अहिराणी बोलली जाते. लूमवर, डाइंग मिलमध्ये, साडीच्या बाजारात राबणारी ही माणसं उधना–जळगाव रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आली. अनेकांच्या नावाचा सातबारा अजून गावी आहे, शेत भाऊ किंवा वडील पाहतात. उकाईची पातळी ऑगस्ट उलटला तरी वर सरकत नाही, याचा अर्थ खानदेशात पाऊस झालेला नाही. त्यासाठी गावाकडून फोन यावा लागत नाही.

तापीचा भूगोलच तसा आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यातला जवळपास ८० टक्के भाग महाराष्ट्रात आणि जेमतेम ६ टक्के गुजरातमध्ये पडतो. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई, गोमाई या सगळ्यांचं उरलंसुरलं पाणी शेवटी उकाईत येतं. महाराष्ट्र १९७२च्या दुष्काळात होरपळत होता, त्याच वर्षी हे धरण पूर्ण झालं. त्याची मूळ साठवणक्षमता ७,४१४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे उजनीच्या दुपटीहून जास्त. खुद्द सुरतेत वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, जळगावच्या दीडपटीहून अधिक. तरीही सुरतेची पाणीटंचाई सुरतेच्या आभाळावरून ठरत नाही. ती सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या पावसावर ठरते आणि त्या पावसातलं किती पाणी वरच्या शेतांनी वापरलं यावर ठरते.

म्हणून या प्रकरणात पाणीबचतीचे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत. दिलेल्या पाण्यातलं मुळाला किती लागतं, हा पहिला. वाचलेलं पाणी पुढे कुणाचं होतं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुस्तकं, अनुदानं, कंपन्या आणि प्रदर्शनं भरपूर आहेत. दुसऱ्यावर खानदेशाने फार पूर्वीच एक उत्तर काढलं होतं.

एक मिलिमीटर म्हणजे किती?

सिंचनाचा सगळा हिशेब एका सोप्या मापावर उभा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा एकरभर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर.

जमिनीतून होणारं बाष्पीभवन आणि पानांतून होणारा उच्छ्वास मिळून पीक रोज जे पाणी हवेला देतं, तेच आपल्याला भरून द्यायचं असतं. उन्हाळ्यात हा खर्च दिवसाला साधारण ६ ते १० मिलिमीटर असतो. सुरतेसारख्या दमट, समुद्राजवळच्या हवेत तो कमी, खानदेशातल्या कोरड्या, वाऱ्याच्या मे महिन्यात जास्त.

आता मोकाट पाणी किती जातं ते पाहू. मोटर सुरू करून सरीला किंवा वाफ्याला पाणी सोडलं, की काळ्या जमिनीत एका पाळीला सहा-सात सेंटिमीटर पाणी सहज बसतं. सात सेंटिमीटर धरले तर एकरी दोन लाख ८३ हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर. त्यातला बराचसा वाटा पिकाच्या कामी येत नाही. काही पाटातच मुरतो, काही मुळांच्या खाली उतरतो, काही दोन ओळींमधल्या उघड्या जमिनीवरून उडून जातो आणि काही गवत पितं. पृष्ठभागावरून दिलेल्या पाण्याची शेतातली कार्यक्षमता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. नीट चालवलेल्या ठिबकात ती ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते.

काळ्या जमिनीचं दुखणं एवढ्यावर संपत नाही. पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असते त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. पीक खऱ्या अर्थाने जेवतं ते वाफशात. मोकाट पाण्यात पहिले काही दिवस चिखल असतो, मधले दोन-तीन दिवस वाफसा येतो आणि शेवटी जमीन भेगाळू लागते. पाळी जितकी भरभक्कम, तितके वाफशाचे दिवस कमी. कमी पाणी देऊन उत्पन्न वाढल्याचं एखादा ठिबकवाला सांगतो, तेव्हा त्यामागचं कारण हे असतं: वाफसा रोजचा झालेला असतो.

जळगावची ठिबक

पाण्याचा थेंब थेट मुळाशी सोडायची कल्पना जुनी आहे. तिला शेतात टिकेल असं यंत्ररूप मिळालं ते इस्रायलमध्ये. सिम्चा ब्लास या अभियंत्याच्या पाहण्यात एक झाड आलं होतं. भोवतालची झाडं खुरटलेली असताना हे एकटं तरारलेलं होतं, कारण त्याच्या बुंध्याशी एक नळ गळत होता. प्लास्टिकच्या स्वस्त नळ्या मिळू लागल्यावर त्याने गळतीचं तंत्र केलं आणि १९६५मध्ये नेगेव्हच्या वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झमध्ये नेटाफिम ही कंपनी उभी राहिली.

खानदेशात ती नळी घरोघर पोचवण्याचं श्रेय भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांना जातं. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे हे गृहस्थ रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात करून पीव्हीसी पाइपांपर्यंत आले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस जळगावात ठिबकचं उत्पादन सुरू केलं. पाठोपाठ टिश्यूकल्चरची ग्रँड नैन केळी आली. बसराई, श्रीमंती या जुन्या वाणांना काढणीपर्यंत सोळा-अठरा महिने लागत. ग्रँड नैन ठिबकवर, विद्राव्य खतांसह साधारण अकरा-बारा महिन्यांत घड देते. पीक शेतात कमी दिवस राहिलं, तर त्याला पाणीही कमी दिवस द्यावं लागतं. पाणीबचतीच्या चर्चेत ही बाजू सहसा राहून जाते.

केळीवर आकडे मांडून पाहू. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,७४२ झाडं बसतात. भर उन्हाळ्यात, पूर्ण वाढलेल्या झाडाला दिवसाला साधारण २० लिटर लागतात, म्हणजे एकरी ३५ हजार लिटर. पाच दिवसांचे पावणेदोन लाख झाले. मोकाट पाण्याची पाच दिवसांनी येणारी एक पाळी २ लाख ८३ हजारांची होती. बचत ३८ टक्क्यांच्या आसपास निघते. झाड दोन महिन्यांचं असताना त्याला चार-पाच लिटर पुरतात. मोकाट पाणी मात्र तेव्हाही सगळं वावर भिजवत असतं. ठिबकची खरी बचत पिकाच्या बालपणात होते, हे यावरून ध्यानात यावं.

झाडाला चार लिटर-ताशीचे दोन ड्रिपर असतील तर २० लिटरला अडीच तास लागतात. पण ‘रोज अडीच तास’ हा नियम करून बसणं चूक. ढगाळ दिवशी, थंडीत, घड निघण्याआधी आणि घड भरताना गरज बदलते. वाल्व उघडून लाईट जाईपर्यंत चालू ठेवलेली ठिबक हे नळीतून दिलेलं मोकाट पाणीच होय.

जमिनीप्रमाणे नळीही बदलते. काळ्या चिकण मातीत थेंब आडवा पसरतो आणि ओलीचा कांदा रुंद होतो, म्हणून ड्रिपर लांब लांब चालतात आणि ताशी प्रवाह कमी ठेवावा लागतो. तापीकाठच्या रेताड पोयट्यात पाणी सरळ खाली जातं. तिथे ड्रिपर जवळ हवेत आणि पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायला हवं.

ठिबक मरते ती बहुतेक वेळा दुर्लक्षाने. विहिरीचं शेवाळ असेल तर सँड फिल्टर, बोअरची रेती असेल तर हायड्रोसायक्लोन आणि त्यापुढे जाळीचा किंवा डिस्क फिल्टर, एवढी साखळी लागते. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात फरक वाढला की बॅकवॉश करायचा. आठवड्या-पंधरवड्याने लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या नळीची, टोकं उघडून गाळ वाहू द्यायचा. क्षारांनी तोंडं बुजली तर जाणकाराच्या सल्ल्याने आम्लप्रक्रिया, शेवाळ असेल तर क्लोरीन. एकाच लॅटरलच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली डबे ठेवून एका तासाचं पाणी मोजलं आणि दोन्ही डब्यांत मोठा फरक दिसला, तर दाब किंवा तोंडं कुठेतरी बिघडली आहेत. उन्हाळ्यात पाण्यासाठी कासावीस झालेल्या खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात. त्यांच्यासाठी बांधावर पाण्याची दोन भांडी ठेवणं हे भूतदयेइतकंच दुरुस्तीखर्च वाचवण्याचं काम आहे.

अनुदान आपण राहतो कुठे यावर मिळत नाही, जमीन कुठे आहे यावर मिळतं. लिंबायतमध्ये राहणाऱ्या आणि चाळीसगाव किंवा शिंदखेड्याला शेत असणाऱ्याने महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. केंद्राचं अनुदान अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के आहे. राज्याच्या पूरक योजनेने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेलं. या टक्केवाऱ्या शासनाने ठरवलेल्या मापदंड-खर्चावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. गुजरातमध्ये जमीन असेल तर हेच काम २००५मध्ये स्थापन झालेली गुजरात ग्रीन रिव्होल्यूशन कंपनी करते.

ठिबक नसेल तेव्हा

दुष्काळ अनुदान मंजूर होईपर्यंत थांबत नाही. हाताशी जे आहे त्यात पाणी वाचवायचं असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे एक आड एक सरी भिजवणं. या पाळीला १, ३, ५ आणि पुढच्या पाळीला २, ४, ६. प्रत्येक ओळीला एका बाजूने ओल मिळते, उघडी ओली जमीन निम्मी होते आणि पाव ते तृतीयांश पाणी वाचतं. काळ्या जमिनीत हे उत्तम जमतं, कारण ओल आडवी सरकते. दारे धरणाऱ्याचं कामही हलकं होतं.

दुसरी गोष्ट आच्छादन. केळीची वाळलेली पानं, उसाचं पाचट, गव्हाचा भुसा, बारीक केलेल्या पऱ्हाट्या यांतलं जे असेल ते ओळींमध्ये पसरायचं. सूर्य आणि वारा थेट जमिनीला भिडत नाहीत, माती थंड राहते, तण कमी उगवतं. भाजीपाल्यावर २५-३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा प्लास्टिक पेपर वापरतात. तो पाणी छान राखतो, पण हंगाम संपल्यावर गोळा करून शेताबाहेर न्यावाच लागतो. पाचट पेटवणारा शेतकरी पुढच्या उन्हाळ्याचं आच्छादन जाळत असतो.

तिसरी कोळपणी. वरचा दोन बोटांचा थर मोकळा केला, की खालून वर येणाऱ्या ओलीच्या केशवाहिन्या तुटतात आणि भेगा बुजतात. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते याच अनुभवावरून.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिला पैसा लागत नाही. पाणी कमीच असेल तर ते कधी द्यायचं, हे आधी ठरवायचं. गव्हाला एकच पाणी देता येणार असेल तर पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी द्यावं. दोन देता येत असतील तर पहिलं २०-२२ आणि दुसरं ६०-६५ दिवसांनी. तीन असतील तर २०-२२, ४२-४५ आणि ६०-६५. मुकुटमुळं फुटण्याच्या, कांडी धरण्याच्या आणि फुलोऱ्याच्या या वेळा. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना पाणी मिळालं तर तो समाधानी असतो. त्याला जास्त पाणी दिलं तर माजतो, पाला वाढतो आणि घाटे कमी लागतात. कापसाला पातं, फूल आणि बोंड धरताना ताण बसला तर गळ होते. त्याआधी थोडा ताण सोसतो.

केळीची गोष्ट निराळी. तिची पानं रुंद, मुळं उथळ आणि पाण्याचा हव्यास मोठा. टंचाईत बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट कड, खालची पिवळी पानं कापणं, घडाला झाकण आणि पानांवर केओलीनची फवारणी, या उपायांनी ती तग धरते. केओलीनचा पांढरा थर ऊन परतवतो आणि पानाचा उच्छ्वास थोडा घटवतो. हे तग धरण्याचे उपाय आहेत. पाण्याची जागा यांतला कोणताही घेत नाही.

लिंबायतच्या गच्चीवर

आता उकाईच्या खाली येऊ. लिंबायतच्या दाट वस्तीत अंगण क्वचित मिळतं. पण गॅलरीत तुळस असते, गच्चीवर कढीपत्ता, आळूचं पान, मिरची, गिलक्याचा वेल, एखाद्या हौशी घरी रंगाच्या जुन्या डब्यांत वांगी. शेतातला हिशेब इथे जसाच्या तसा चालतो. बारा इंच व्यासाच्या कुंडीचं तोंड ०.०७ चौरस मीटर भरतं. दिवसाला सात मिलिमीटर खर्च धरला तर तिला अर्धा लिटर पाणी लागतं. झाड कुंडीबाहेर पसरलेलं असेल, गच्ची तापत असेल, तर एक लिटर. दहा कुंड्यांना दिवसाला पाच ते दहा लिटर, एका बादलीच्या आत. कुंडीखालच्या छिद्रातून पाणी वाहून फरशी भिजत असेल, तर ते झाडाला मिळालेलं नाही आणि सोबत खतही धुऊन नेत आहे.

बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओल लागली तर पाणी नको. कुंडी उचलून पाहिली की वजनावरूनही कळतं. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यावं. मातीवर नारळाच्या शेंड्या, वाळका पाला किंवा उसाच्या रसवाल्याकडचं चिपाड पसरावं. एप्रिल-मेमध्ये कुंड्या एकमेकींना चिकटवून, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, हिरव्या जाळीखाली ठेवल्या की एकीची सावली दुसरीला मिळते आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांची कड तापत नाही.

दोन दिवस गावी जायचं असेल तर वात उपयोगी पडते. पाण्याच्या डब्यात सुती दोरीचं एक टोक, दुसरं टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. माती कोरडी होईल तसं पाणी दोरीतून चढतं. सलाईनच्या नळीचा ठिबकही चालतो, पण ती औषधाच्या दुकानातून नवी आणावी, दवाखान्याच्या कचऱ्यातली नव्हे.

मोठ्या पिंपात किंवा गच्चीवरच्या वाफ्यात सर्वांत सुरेख चालतो तो मटका. न रंगवलेला, न चकाकवलेला, साधा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा आणि भोवती वेलाच्या बिया लावायच्या. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ही रीत नोंदलेली आहे. त्यामागचं विज्ञान सुंदर आहे: कोरडी माती पाण्याला ओढते, त्या ओढीने माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतं. माती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणंही मंदावतं. किती पाणी द्यायचं हे माठ आणि माती आपसांत ठरवतात. पाणी क्षारयुक्त असेल तर छिद्रं हळूहळू बुजतात, तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी माठ बदलावा. त्यावर झाकण हवंच. उघड्या पाण्यात डासांची अंडी पडतात आणि डेंग्यूच्या दिवसांत गच्चीवरची प्रत्येक वाटी धोक्याची ठरते.

घरातल्या सांडपाण्यातलं काय चालेल? तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी नि:शंक चालतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं, जवळपास क्षाररहित पाणी. सुरतेच्या दमट हवेत ते बादलीभर सहज जमतं. आरओ यंत्र गाळून फेकून देतं त्या पाण्यात मात्र मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला आणि भांडी भिजवायला वापरावं, कुंडीला द्यायचंच झालं तर साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून. कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी टाळावं. त्यातलं सोडियम मातीची रचना बिघडवतं.

शहराच्या पातळीवर हाच विचार सुरतेने केला आहे. बमरोलीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी २०१४पासून पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीला विकलं जातं. रोजचं ४० दशलक्ष लिटर क्षमतेचं हे काम. लिंबायतमधले कितीतरी हात ज्या डाइंग मिलमध्ये राबतात, त्यांना लागणारं तेवढं पाणी तापीतून उपसावं लागत नाही. दहा कुंड्यांच्या बादलीपुढे हा आकडा प्रचंड आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावं. गच्चीवरच्या बागेने तापी वाचत नाही. तिने पाण्याचं माप हाताला कळतं, आणि ते माप गावच्या शेतात कामाला येतं.

वाचलेलं पाणी कुठे जातं?

रावेर आणि यावल हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूच्या जाड थरांत इथे निसर्गाने मोठा भूजलसाठा करून ठेवला होता. देशात सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर ठिबक स्वीकारणाऱ्या भागांत या केळीपट्ट्याची गणना होते. तरीही भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत याच दोघांची नावं येत राहिली. असं कसं झालं?

उत्तर सरळ आहे. ज्या विहिरीवर दोन एकर केळी भिजत होती, तिच्यावर ठिबकनंतर तीन एकर भिजू लागली. झाडामागे पाणी कमी लागलं, विहिरीतून निघालेलं पाणी कमी झालं नाही. उलट पूर्वी मुळांच्या खाली मुरणारं जे पाणी ‘वाया’ धरलं जात होतं, त्यातलं काही परत भूजलात जात होतं. तेही आता थांबलं. शेतकऱ्याने यात काही गैर केलं असं म्हणता येणार नाही. एकटा शेतकरी पाणी वाचवून ठेवू शकत नाही, कारण त्याने न उपसलेलं पाणी शेजाऱ्याची अधिक खोल बोअर उपसते. नळी पाण्याचं माप देते. मर्यादा घालायला माणसंच लागतात.

खानदेश आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यात पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरच्या फड पद्धतीने ती मर्यादा घातली होती. तीन-चारशे वर्षांची मानली जाणारी ही व्यवस्था अशी: नदीवर छोटा दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा पडीक, आणि दरवर्षी पाळी फिरायची. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे कुणा एकाच्याच वाट्याला ऊस किंवा कुणा एकाच्याच वाट्याला पडीक येत नसे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी आणि पाऊस कमी झाला की कोणत्या फडाला पाणी द्यायचं नाही हे सगळे मिळून ठरवत. टंचाई आली तर ती सर्वांच्या वाट्याला सारखी येई. फडात पाणी मोकाटच दिलं जाई, थेंबाची काटकसर तिथे नव्हती. काटकसर होती ती निर्णयात.

१९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिचे नियम याच जातीचे होते. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. हिवरे बाजार या गावाने पुढे दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून त्यावर पीकरचना ठरवायला सुरुवात केली आणि सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. या गावांत ठिबक आधी आली की नियम, हे पाहण्यासारखं आहे. नियम आधी आले.

उकाईच्या खाली उलटा धडा मिळतो. उकाई-काकरापारच्या कालव्यांखाली पाणी मुबलक आलं, ऊस आणि भात वाढला, आणि सुरत जिल्ह्याच्या सुपीक काळ्या जमिनीत पाणथळ आणि खारपड हे नवे शब्द रुळले. वरच्या शेतकऱ्याची विहीर आटते आणि खालच्याच्या मुळाशी पाणी तुंबतं, एकाच नदीच्या खोऱ्यात.

दिवाळीचा हिशेब

दिवाळीत सुरतेची कापड बाजारपेठ बंद होते, लूम थांबतात आणि लिंबायत अर्धं रिकामं होऊन खानदेशच्या गाड्यांना गर्दी करतं. रब्बीत काय पेरायचं, हे गावात ठरतं तेही याच दिवसांत. तेव्हा गावी पोचलेल्या माणसाने दोरीला दगड बांधून विहिरीतल्या पाण्याची खोली मोजावी. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. दिवसभर उपसा करून दुसऱ्या सकाळी पाणी किती वर आलं हेही पाहावं, कारण विहिरीचं खरं उत्पन्न तिच्या झऱ्यात असतं.

पुढचा हिशेब वहीच्या एका पानात मावतो. भर उन्हाळ्यात एक एकर केळी रोज ३५ हजार लिटर मागते, म्हणजे या विहिरीतलं सव्वा मीटर पाणी. एवढं पाणी रात्रीतून परत भरत नसेल, तर ती बाग मेपर्यंत पोचणार नाही आणि लावणीचा, खताचा पैसा अडकेल. गव्हाची सहा सेंटिमीटरची एक पाळी एकरी २ लाख ४० हजार लिटरची, म्हणजे साडेआठ मीटर पाणी, आठ-दहा दिवसांत जमवायचं. पूर्ण हंगामाचा विचार केला तर हरभऱ्याला साधारण २०-२५ सेंटिमीटर, गव्हाला ४०-४५ आणि केळीला २०० सेंटिमीटरच्या आसपास पाणी लागतं. केळीच्या एका एकरात हरभऱ्याचे आठ एकर भिजतात.

ही वही एका घराची असली तर तिचा उपयोग निम्मा. बांधाला बांध लागून असलेल्या चार-सहा विहिरींचे आकडे एका कागदावर आले, तर कुणाची बोअर कुणाचं पाणी ओढते आणि या वर्षी बारमाही पीक किती एकरांत परवडेल, यावर भांडण न होता बोलता येतं. फडाच्या काळात हे बोलणं पाटाच्या काठावर होत असे. आज त्यासाठी ग्रामसभा आहे. दिवाळीला गावी आलेल्यांनी तिथे हा कागद वाचून दाखवावा आणि जेवढं पाणी मोजलं गेलं आहे तेवढ्याचीच पेरणी ठरवावी.